चैत्यभूमीचा स्तूप कोणी उभारला? भैय्यासाहेब आंबेडकरांची फारशी न सांगितली गेलेली गोष्ट

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की नंदुरबार स्थानकावर निळे झेंडे दिसू लागतात. शहादा, तळोदा, नवापूर या भागांतून आलेली माणसं पिशव्या घेऊन फलाटावर बसलेली असतात. कुणी रेल्वेने सुरतमार्गे निघतं, कुणी धुळे-नाशिकच्या रस्त्याने गाडी करून जातं. सगळ्यांचं ठिकाण मात्र एकच, दादरची चैत्यभूमी.

६ डिसेंबरला तासन् तास रांगेत उभं राहिल्यावर समोर दिसते ती वास्तू आकाराने छोटी आहे. चौरस बैठक आणि वर एक लहानसा घुमट, एवढीच. महाराष्ट्रात याहून मोठी देवळं प्रत्येक तालुक्यात सापडतील. तरी लाखो लोक वर्षानुवर्षं इथेच येतात, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ती ही जागा.

पण हा स्तूप उभारला कोणी? सरकारने? महापालिकेने? रांगेतल्या तरुणांना विचारलं तर अनेकांना उत्तर सांगता येत नाही. उत्तर आहे बाबासाहेबांचे चिरंजीव यशवंत, म्हणजेच भैय्यासाहेब आंबेडकर. त्यांनी स्तूपच का बांधला, गुरूसाठी स्तूप बांधण्याची रीत महाराष्ट्रात किती जुनी आहे आणि भैय्यासाहेबांचं आयुष्य कसं गेलं, ते समजून घेऊया.

आधी हे पाहू: स्तूप म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर स्तूप म्हणजे अस्थींवर रचलेला गोलाकार ढीग. पुढे तो विटांचा झाला, मग दगडाचा. खालच्या गोल चौथऱ्याला मेधी म्हणतात आणि त्यावरच्या अर्धगोलाला अंड. अंडावर चौकोनी कठड्यासारखी हर्मिका असते, तिच्यातून वर जाणारी काठी म्हणजे यष्टी आणि यष्टीवर छत्र. जुना स्तूप आतून भरीव असतो. त्यात शिरायला दार नसतं. आपण बाहेरून, उजव्या हाताला स्तूप ठेवून त्याभोवती फिरायचं. आत पोटात एक छोटी पोकळी असते, तिला धातुगर्भ म्हणतात. अस्थींचा करंडा तिथे ठेवतात. इथे धातू म्हणजे लोखंड-तांबं नव्हे, तर शरीराचे अवशेष.

आणि चैत्य? संस्कृतमध्ये चि म्हणजे रचणं. चिता हा शब्द याच धातूतून आला आणि चैत्यही. जिथे चिता रचली तिथेच चैत्य, हा अर्थ दादरच्या बाबतीत तर अक्षरशः लागू पडतो.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींचे आठ वाटे झाले आणि त्यावर स्तूप उभे राहिले, असं पाली ग्रंथ सांगतात. महापरिनिब्बान सुत्तात स्तूप कोणाचा बांधावा याचीही यादी आहे. सम्यक संबुद्ध, प्रत्येकबुद्ध, तथागताचा श्रावक म्हणजे शिष्य आणि चक्रवर्ती राजा. यादीतला तिसरा महत्त्वाचा, कारण बुद्धांचे शिष्य आणि पुढच्या पिढ्यांतले आचार्य यांच्या स्तूपांना आधार मिळाला तो इथून.

गुरूसाठी स्तूप: महाराष्ट्रात ही रीत दोन हजार वर्षांची

पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळ भाजे लेणी आहेत. तिथे एका कोपऱ्यात दगडातच कोरलेले १४ स्तूप ओळीने दिसतात, काही छताखाली, काही उघड्यावर. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. खरं तर ही त्या लेण्यांत राहून गेलेल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची स्मारकं आहेत. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी नावं त्यांवरच्या ब्राह्मी लेखांत वाचता आली आहेत.

भाज्यापासून जवळच बेडसे लेणी आहेत. तिथला एक लेख तर थेट आपल्या विषयाचा. गोभूती नावाचे एक भिक्षू होते, अरण्यात राहणारे आणि फक्त भिक्षेवर जगणारे. त्यांचा स्तूप त्यांच्या शिष्याने करवून घेतला, अशी नोंद तिथे कोरलेली आहे. शिष्याचं नाव असाळमित, म्हणजे आषाढमित्र. गुरू गेले, शिष्याने स्तूप केला आणि दोघांची नावं एकाच दगडावर राहिली.

मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला तर अशा स्तूपांची अख्खी स्मशानभूमीच आहे. डोंगराच्या कपारीत विटांच्या आणि दगडांच्या छोट्या स्तूपांचे अवशेष सापडले. त्यांवरचे लेख डॉ. शोभना गोखले यांनी वाचले आणि तिथे राहून गेलेल्या थेरांची नावं जगासमोर आली.

अस्थींचा करंडा नेमका कसा ठेवत, हे पाहायचं तर नालासोपाऱ्याला जावं लागेल. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला. आत एक मोठी दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याची डबी आणि त्या डबीत एकात एक बसवलेल्या आणखी डब्या. सगळ्यात आतली सोन्याची. तिच्यात भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते. आतल्या वस्तूचं मोल जितकं मोठं तितकी जवळची डबी मौल्यवान, असा तो हिशेब. एखादा महाग सुटा भाग डब्यात डबा घालून कुरिअरने येतो तसंच काहीसं, फक्त हे पार्सल पुन्हा कधीच उघडायचं नव्हतं.

सांचीलाही मोठ्या स्तूपाशेजारी शिष्यांचे आणि आचार्यांचे स्तूप आहेत. सारिपुत्त आणि महामोग्गल्लान या बुद्धांच्या दोन प्रमुख शिष्यांच्या अस्थी तिथून १८५१ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी काढल्या. त्या लंडनला गेल्या आणि स्वातंत्र्यानंतर भारतात परत येऊन १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात पुन्हा ठेवल्या गेल्या.

म्हणजे १९५६ मध्ये बाबासाहेब गेले तेव्हा महाराष्ट्रात ही रीत लेण्यांच्या दगडांत शिल्लक होती, पण जिवंत नव्हती. गुरूसाठी स्तूप बांधणारं कुणी हजारएक वर्षांत उरलेलं नव्हतं.

वडील परदेशात, घरी आई आणि उपास

यशवंत यांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा, मुंबईतला. वडील तेव्हा २१ वर्षांचे होते आणि बी.ए.च्या परीक्षेत गुंतलेले. दोन महिन्यांच्या आत, २ फेब्रुवारी १९१३ ला आजोबा रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये वडील बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला रवाना झाले. मुलगा तेव्हा सात महिन्यांचा होता.

बाबासाहेब परतले ते १९१७ मध्ये. १९२० ला पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ ला आले. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. त्याच तारखा मुलाच्या बाजूने वाचल्या तर वेगळंच चित्र दिसतं. पहिल्या दहा वर्षांतली सात वर्षं घरात वडील नव्हते. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या, आई रमाबाई आणि पैशांची कायमची चणचण. बरोबर वाढणारा चुलतभाऊ मुकुंद. लहान भावंडं गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही एकामागून एक गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये. पाच भावंडांत जगले ते एकटे यशवंत. त्यांची स्वतःची तब्येतही लहानपणापासून नाजूकच.

१९३४ च्या सुमारास कुटुंब दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहात राहायला आलं. बरे दिवस आले असं वाटत होतं, तोवर २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. यशवंत तेव्हा २२ वर्षांचे होते.

जगातल्या मोजक्या उच्चशिक्षितांत गणल्या जाणाऱ्या माणसाचा मुलगा उच्च शिक्षणाच्या वाटेला गेला नाही. यावरून त्यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं. वडिलांशी तुलना झाली की कोणीही छोटाच दिसणार. पण ज्या घरात आजारपण, मृत्यू आणि चळवळ यांखेरीज तिसरं काही नव्हतं, तिथे वाढलेल्या मुलाकडून डॉक्टरेटची अपेक्षा करणं जरा अन्यायाचंच.

छापखान्यातला माणूस

यशवंतांनी धरलं ते छापखान्याचं काम. बाबासाहेबांनी १९३० मध्ये 'जनता' सुरू केलं, ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. हे सारं ज्या भारतभूषण छापखान्यातून निघत असे, त्याचा कारभार भैय्यासाहेब पाहू लागले. हाच छापखाना पुढे बुद्धभूषण म्हणून ओळखला गेला.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि त्यांचा मुक्काम दिल्लीला हलला. त्यानंतर मुंबईतलं घर, छापखाना, येणारे-जाणारे कार्यकर्ते यांची जबाबदारी मुलाकडे आली. कागदाचा पुरवठा, थकलेली वर्गणी, खिळ्यांची जुळणी, अंक वेळेवर टपालात पडणं अशी ही कामं. सभेत टाळ्या मिळतील असं त्यात काही नव्हतं. पण गावोगावी, अगदी खानदेशातही, बाबासाहेबांचा शब्द पोहोचायचा तो याच कागदावरून.

खानदेशाचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. आजही दर ३१ जुलैला तिथे लोक जमतात. नंदुरबार त्या वेळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं आणि जिल्ह्याचं मुख्य ठाणं धुळे. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला तरी नंदुरबारची माणसं लळिंगला आपलंच ठिकाण मानतात.

१९४८ मध्ये बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढच्या सविता आंबेडकर, यांच्याशी विवाह केला. त्यानंतर बाप-लेकाच्या नात्यात ताण आला, हे त्या काळच्या कार्यकर्त्यांपासून लपलेलं नव्हतं. त्यावर उलटसुलट खूप लिहिलं गेलं आहे. इथे एवढंच पुरेसं की, १९५३ मध्ये भैय्यासाहेबांचं लग्न मीराताईंशी झालं आणि पुढच्या वर्षी थोरले चिरंजीव प्रकाश यांचा जन्म झाला. नंतर रमा, भीमराव आणि आनंदराज ही भावंडं.

७ डिसेंबर १९५६: चिता आणि दीक्षा एकाच ठिकाणी

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १६ डिसेंबरला मुंबईत असाच मोठा सोहळा ठरला होता. त्याआधी दहा दिवस, ६ डिसेंबरला, दिल्लीतल्या २६ अलीपूर रोडच्या घरी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

विमानाने पार्थिव मुंबईला आणलं गेलं. राजगृहातून निघालेली अंत्ययात्रा दादर चौपाटीवर पोहोचली. भिक्षूंच्या उपस्थितीत बौद्ध पद्धतीने अंत्यविधी झाला आणि भैय्यासाहेबांनी अग्नी दिला.

तिथेच आणखी एक गोष्ट घडली. १६ तारखेचा सोहळा आता होणार नव्हता. तेव्हा चितेसमोरच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना त्रिशरण आणि पंचशील दिलं. लाखाहून अधिक लोकांनी त्या वाळूत उभं राहून दीक्षा घेतली. ही जागा पवित्र का, याचं अर्धं उत्तर अस्थींत आहे आणि अर्धं या दीक्षेत. अंत्यसंस्काराच्या जागीच दीक्षाभूमीही झालेलं असं दुसरं ठिकाण सहजासहजी आठवत नाही.

मग स्तूप व्हायला १५ वर्षं का लागली?

दहन १९५६ चं आणि स्तूपाचं उद्घाटन १९७१ चं. मधली १५ वर्षं समजून घ्यायची तर त्या काळातल्या चळवळीकडे पाहावं लागतं.

बाबासाहेबांनी ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली होती. त्यांच्यानंतर तिचं अध्यक्षपद भैय्यासाहेबांकडे आलं. लाखो लोकांनी दीक्षा घेतली होती, पण लग्न कसं लावायचं, नामकरण कसं करायचं, माणूस गेल्यावर कोणता विधी करायचा हे सांगणारे लोक गावात नव्हते. भिक्षू तर बोटावर मोजण्याइतके. मग गृहस्थी माणसांनाच तयार करून बौद्धाचार्य नेमायचे, श्रामणेर शिबिरं घ्यायची, वंदनेची पुस्तकं पोहोचवायची हे काम महासभेने उचललं. आज खेड्यात पांढऱ्या कपड्यातला बौद्धाचार्य लग्न लावताना दिसतो तो याच कामाचा परिणाम.

दुसरीकडे राजकारण होतं. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात त्यात फूट पडू लागली. भैय्यासाहेब १९६० ते १९६६ या काळात विधान परिषदेचे सदस्य होते. गटबाजीच्या त्या दिवसांत एका गटाने हाक दिली की दुसरा गट येत नसे. स्मारकासाठी मात्र सगळ्यांना एकत्र आणणं गरजेचं होतं.

पैसा हा तिसरा प्रश्न. ज्यांच्यासाठी हा स्तूप होता ते लोक गिरणीत, गोदीत, सफाईच्या कामावर आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारे होते. सांचीला विदिशेचे व्यापारी आणि हस्तिदंताचे कारागीर दान देत होते, कार्ल्याला आणि कान्हेरीला श्रेष्ठी. दादरच्या स्तूपामागे असा एकही श्रेष्ठी नव्हता.

महू ते मुंबई

यावर भैय्यासाहेबांनी शोधलेला मार्ग म्हणजे भीमज्योत. बाबासाहेबांच्या जन्माला ७५ वर्षं होत होती. मध्य प्रदेशातली महूची लष्करी छावणी हे त्यांचं जन्मगाव आणि दादर हे अंत्यसंस्काराचं ठिकाण. १९६६ च्या सुमारास या दोन टोकांना जोडणारी भीमज्योत भैय्यासाहेबांनी काढली. वाटेत सभा घ्यायच्या, बाबासाहेबांचं काम सांगायचं आणि स्तूपासाठी दान मागायचं, असं तिचं स्वरूप.

पन्नाशीत पोहोचलेला, तब्येतीने साधाच असलेला माणूस गावोगावी झोळी पुढे करतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. समोरचा मजूर जे देईल ते घ्यायचं. रुपया असो नाहीतर चार आणे. भिक्षेवर जगणारे बेडसेचे गोभूती आठवावेत, असाच हा प्रकार. फरक इतकाच की तिथे भिक्षा गुरूने मागितली होती आणि इथे शिष्याने.

भैय्यासाहेब बाबासाहेबांचे पुत्र होते, मग त्यांना शिष्य का म्हणायचं, असा प्रश्न कुणी विचारेल. बाबासाहेबांनी स्वतः बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले या तिघांना गुरू मानलं होतं. तिघांपैकी एकाशीही त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं. मुलाने वडिलांची समाधी बांधली असती तर ती एका घराची राहिली असती. भैय्यासाहेबांनी बौद्ध महासभेचा अध्यक्ष म्हणून, लोकांच्या दानातून, स्तूप बांधला. म्हणून तो सगळ्यांचा झाला.

५ डिसेंबर १९७१

उद्घाटनाचा दिवस ठरला तो महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या दिवशीचा. भारत-पाकिस्तान युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झालं होतं. देशाचं सगळं लक्ष सीमेवर असताना, अशा रविवारी दादरच्या किनाऱ्यावर हा स्तूप लोकांसाठी खुला झाला.

उद्घाटन केलं मीराताई आंबेडकर यांनी. मंत्री नाही, राज्यपाल नाही. ज्या रमाबाईंनी चाळीत दिवस काढले त्यांच्या सुनेच्या हातून हे झालं, याकडे आज फारसं कुणी लक्ष देत नाही.

स्तूपाला प्राणप्रतिष्ठा नसते. देवळात मूर्तीत देवाचं आवाहन करतात तसं इथे काही नसतं. अस्थींचा कलश धातुगर्भात ठेवायचा, भिक्षूंनी परित्राणपाठ म्हणायचा, उपस्थितांनी त्रिशरण-पंचशील घ्यायचं, फुलं आणि दिवा ठेवायचा, मग प्रदक्षिणा. विधी इतकाच. स्तूपाला मोल येतं ते आतल्या अस्थींमुळे आणि ज्याच्या त्या अस्थी आहेत त्याच्या शिकवणीमुळे. म्हणूनच अस्थी नसलेला, केवळ आठवणीसाठी बांधलेला स्तूप आणि अस्थींवरचा स्तूप यांत बौद्ध परंपरा पहिल्यापासून फरक करत आली आहे. चैत्यभूमी दुसऱ्या प्रकारात येते.

आत गेल्यावर काय दिसतं?

जुन्या भरीव स्तूपांपेक्षा चैत्यभूमीची रचना वेगळी आहे. इथे आत जाता येतं. तळमजल्यावर बाबासाहेबांचा अर्धपुतळा आणि बुद्धमूर्ती आहे. चौरसाच्या आत साधारण दीड मीटर उंचीची गोल भिंत आहे आणि दोन दरवाजे आहेत. वरच्या छोट्या मजल्यावर संगमरवरी स्तूप आहे आणि भिक्षूंना थांबण्याची जागा. बाहेरचं मुख्य प्रवेशद्वार सांचीच्या तोरणाची प्रतिकृती आहे आणि आवारात अशोकस्तंभाचीही प्रतिकृती आहे.

आत जाता येणारा स्तूप ही आंबेडकरी चळवळीची खास देणगी म्हणावी लागेल. नागपूरच्या दीक्षाभूमीवर हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर आली. वास्तुविशारद शिवदान मल यांनी आराखडा केलेल्या त्या स्तूपाचं काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याचं उद्घाटन केलं. उंची १२० फूट, व्यासही तेवढाच आणि आत हजारो लोक बसतील इतकी मोकळी जागा. भरीव स्तूपात वजन सरळ खाली उतरतं, त्यामुळे बांधणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही. पोकळ घुमटात मात्र ते कडेने खाली येतं आणि तळाशी बाहेरच्या बाजूला रेटा देतं. तो रेटा धरून ठेवणं हे खरं अवघड काम.

गुरूच्या ऋणातून उभा राहिलेला महाराष्ट्रातला आणखी एक स्तूप म्हणजे गोराईचा ग्लोबल विपश्यना पगोडा. सत्यनारायण गोएंका यांनी आपले ब्रह्मदेशातले आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याविषयीच्या कृतज्ञतेतून तो उभा केला. तिथल्या प्रचंड घुमटाखाली एकही खांब नाही. २००९ मध्ये तो खुला झाला. योगायोग असा की ऊ बा खिन गेले ते १९७१ मध्येच, चैत्यभूमीच्या उद्घाटनाच्या वर्षी.

या दोन्हींच्या तुलनेत दादरचा स्तूप लहान आहे. पण अस्थिकलश, चितेची जागा आणि सामुदायिक दीक्षा हे तिन्ही एकत्र असलेला तो एकच.

भैय्यासाहेबांचं नाव कुठे हरवलं?

उद्घाटनानंतर भैय्यासाहेबांना सहाच वर्षं मिळाली. १७ सप्टेंबर १९७७ ला त्यांचं निधन झालं. वय ६४. बौद्ध महासभेची धुरा पुढे मीराताईंनी उचलली.

त्यांच्या नावावर मोठे ग्रंथ नाहीत. गाजलेली भाषणं नाहीत. निवडणुकीच्या राजकारणातही ते फार पुढे गेले नाहीत. महाराष्ट्रात माणूस लक्षात राहतो तो साधारण या तीन गोष्टींमुळे, म्हणून ते मागे पडले. त्यात वडिलांची सावली इतकी मोठी की तिच्यात कुणीही दिसेनासं व्हावं. बेडसेच्या आषाढमित्राचं नाव दोन हजार वर्षांनी दगडावर वाचता येतं आणि अवघ्या पाच दशकांपूर्वीच्या स्तूपकर्त्याचं नाव रांगेतल्या माणसाला माहीत नसतं. हे खटकणारं आहे.

त्यांनी बांधलेली वास्तू आता गर्दीला अपुरी पडते, हेही खरं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्धांची नोंद झाली. भारतातल्या दर चार बौद्धांपैकी तीन याच राज्यातले. त्यांतले जे ६ डिसेंबरला दादरला येतात त्यांच्यासाठी शिवाजी पार्कवर मंडप, पाणी, पुस्तकांचे स्टॉल अशी व्यवस्था करावी लागते. २०१६ मध्ये राज्य सरकारने चैत्यभूमीला अ वर्ग पर्यटन आणि तीर्थस्थळाचा दर्जा दिला. जवळच इंदू मिलच्या सुमारे १२ एकर जागेवर ४५० फूट उंचीच्या भव्य स्मारकाचं काम हाती घेण्यात आलं, त्याची पायाभरणी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केली. ते सरकारी खर्चाने होणारं स्मारक आहे आणि गर्दी पाहता त्याची गरजही आहे. चार-चार आण्यांनी उभा राहिलेला स्तूप मात्र आहे त्याच जागी, समुद्राला पाठ देऊन उभा आहे.

यंदा जाताय?

नंदुरबारहून रेल्वेने सुरतमार्गे येणाऱ्यांनी मुंबईत उतरल्यावर पश्चिम रेल्वेची लोकल पकडून दादर गाठावं आणि पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडावं. तिथून चैत्यभूमी पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ५ आणि ६ डिसेंबरला रांग फार मोठी असते, त्यामुळे लहान मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर एक-दोन दिवस आधी जाणं सोयीचं. तळमजल्यावर दर्शन झालं की बहुतेक लोक गर्दीच्या रेट्याने बाहेर पडतात. वर्षाच्या इतर दिवशी गेलात तर आवारात निवांत थांबता येतं, तोरण आणि अशोकस्तंभ जवळून पाहता येतात. आणि बरोबरच्या मुलांनी हे कोणी बांधलं असं विचारलंच, तर नाव सांगा: यशवंत भीमराव आंबेडकर.